कान आणि कागद: मुंबईच्या जॅझवादकांचे ऋण

१९५१ साली प्रदर्शित झालेला 'अलबेला' हा हिंदी चित्रपट मराठी माणसास अनेक कारणांनी आपला वाटतो. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, म्हणजे सर्वांचे भगवानदादा, हे १९१३ साली आपल्या अमरावतीत जन्मलेले एका गिरणी कामगाराचे पुत्र. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, हे त्या काळच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. या दोन नावांचा मराठी रसिकांनी यथायोग्य गौरव केला आहे. परंतु त्याच चित्रपटात पडद्यावर एक वाद्यवृंद दिसतो आणि त्यात ट्रम्पेट वाजविणारा एक वादकही दिसतो. त्याचे नाव किती जणांस ठाऊक असेल? अंतोनियो झेवियर वाझ हे त्याचे नाव. गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेला हा ख्रिस्ती वादक मुंबईत 'चिक चॉकलेट' या टोपणनावाने प्रसिद्ध होता. भारताचा लुई आर्मस्ट्राँग असे त्यास लोक म्हणत.

बुलढाणा जिल्ह्यातील एका धर्मग्रामाचा पुरोहित जॅझवर लेख लिहितो, हे वाचून काही वाचक भुवया उंचावतील. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलातील नृत्यसंगीताचा आमच्या कापसाच्या मुलखाशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. तो समजून घेण्यासाठी मात्र आपणांस प्रथम अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सला, तेथून गोव्यातील चर्चच्या माळ्यावर आणि मग मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात जावे लागेल. या तिन्ही ठिकाणी एकच घटना घडताना आम्हांस दिसते. कानाने संगीत शिकलेला माणूस आणि कागदावरून संगीत वाचणारा माणूस एकमेकांस भेटतात, आणि त्या भेटीतून काही नवे जन्मास येते.

जॅझचे जन्मस्थान

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स या बंदरात जॅझ आकारास आले. हे शहर एकेकाळी फ्रेंच आणि स्पॅनिश अमलाखाली होते व त्यावर कॅथलिक संस्कृतीचा गाढ ठसा होता. तेथे राहणाऱ्या मिश्रवंशीय क्रिओल कुटुंबांतील मुले युरोपीय पद्धतीने संगीत शिकत, नोटेशन वाचत. दुसरीकडे गुलामगिरीतून नुकतीच मुक्त झालेली आफ्रिकी वंशाची गोरगरीब प्रजा होती. तिच्यापाशी कागद नव्हता. तिच्यापाशी शेतात काम करताना गायलेली गीते होती, प्रार्थनागृहांतील भक्तिगीते होती आणि दुःखाचे सूर होते. वंशभेदाच्या कायद्यांनी या दोन्ही समाजांस एकाच पंक्तीत ढकलले, आणि त्यांच्या सहवासातून हे संगीत निर्माण झाले.

या संगीताचा प्राण म्हणजे उत्स्फूर्त विस्तार. आपला ख्यालगायक रागाची चौकट सांभाळून बंदिशीचा विस्तार करतो, तसाच जॅझवादक एखाद्या गाण्यातील स्वरसंघातांची चौकट सांभाळून त्या क्षणी सुचेल तशी नवी चाल रचीत जातो. दुसरे वैशिष्ट्य लयीचे. चार मात्रांच्या आवर्तनात आपले लक्ष पहिल्या मात्रेवर, समेवर असते. जॅझमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेस उठाव मिळतो, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या अंगात एक झोका निर्माण होतो. न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेसही ब्रास बँड असे. दफनभूमीकडे जाताना तो संथ भक्तिगीते वाजवी आणि परतताना आनंदाचे सूर काढी. पुनरुत्थानावरील श्रद्धेचे इतके साधे व लोकांना उमजणारे भाष्य आम्ही क्वचितच पाहिले आहे.

याच शहरात १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म झाला. दारिद्र्यात वाढलेल्या या मुलाने १९१२ च्या अखेरच्या रात्री पिस्तुलाचा बार काढला, म्हणून त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथील बँडमध्ये कॉर्नेट हे वाद्य त्याच्या हाती आले आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले. १९२८ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकावे. आरंभी कोणाचीही साथ न घेता त्यांचा एकटा ट्रम्पेट वर चढतो, क्षणभर थांबतो आणि पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. काही सेकंदांचा हा तुकडा आहे. परंतु सिद्धहस्त गवयाने पहिल्याच आलापात अवघ्या रागाचे दर्शन घडवावे, तसे त्यात घडते.

चर्चचा माळा

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीज राजवटीत, सोळाव्या शतकापासून, चर्चच्या आश्रयाने शाळा निघाल्या व पुढे गावोगावी धर्मग्राम-शाळा उभ्या राहिल्या. त्या शाळांत धर्मशिक्षणाबरोबर संगीत शिकविले जाई. शिकविणारा चर्चचा संगीतगुरू, त्यास 'मेस्त्रे' म्हणत. मूल प्रथम 'दो-रे-मी'च्या भाषेत स्वर ओळखावयास व पाच रेषांवरील खुणा वाचावयास शिके, आणि मगच त्याच्या हाती व्हायोलिन येई. रविवारच्या मिस्सासाठी, नोव्हेनांसाठी, गावच्या फेस्तासाठी गाणारे व वाजविणारे लागत. ती गरज भागविण्यासाठी केलेली ही व्यवस्था होती. ज्या भूमीने फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या रूपाने १६१६ साली मराठी ओवीस ख्रिस्ती कथेचा साज चढविला, त्याच भूमीत शेतकऱ्याचा व मजुराचा मुलगाही युरोपीय स्वरलिपी वाचू लागला, हे आपण ध्यानात घ्यावे. उर्वरित हिंदुस्थानात अशी विद्या त्या काळी लष्करी बँड आणि मूठभर धनिकांची घरे यांपलीकडे फारशी गेलेली नव्हती.

गोव्यात मात्र या विद्येस उपजीविकेचा आधार नव्हता. शेती तुटपुंजी व उद्योगधंदे नगण्य, म्हणून गोवेकर तरुण घर सोडी. कोणी जहाजावर जाई, कोणी स्वयंपाकी होई, आणि ज्याच्यापाशी वाद्य असे तो वाजवावयास जाई. ब्रिटिश हिंदुस्थानातील पलटणी, संस्थानिकांचे बँड, मूकपटांची चित्रपटगृहे, आगगाडीच्या मोठ्या जंक्शनवरील क्लब आणि मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणची हॉटेले यांना वादक हवेच होते. चर्चच्या माळ्यावर मिळालेल्या शिदोरीवर एका समाजाने अर्धा हिंदुस्थान पालथा घातला.

ताजमहाल हॉटेलातील पर्व

मुंबईत जॅझची खरी ओळख करून दिली ती कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांनी. व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांनी १९३५ साली आपला वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आणला. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांची नावे गाजली. स्वदेशात ज्यांना गोऱ्यांच्या बाकावर बसण्याची मुभा नव्हती, त्यांना मुंबईत मान मिळाला आणि काम मिळाले. वेदरफर्ड तर येथलेच झाले. पुढे ते कलकत्त्यास गेले आणि १९४५ साली तेथेच पटकीने त्यांचे निधन झाले.

या पाहुण्यांच्या वृंदात आणि त्यांच्या अवतीभवती गोवेकर वादक होतेच. कागदावरचे संगीत त्यांस पाठ होते, कागद सोडून कसे वाजवावे ते त्यांनी या मंडळींकडून घेतले. १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमधील वाद्यवृंदाचे नेतृत्व मिकी कोरिया यांच्याकडे होते. चिक चॉकलेट यांनी 'म्युझिक मेकर्स' नावाचा आपला संच उभारून आधी ग्रीन्स आणि मग ताज हॉटेल गाजविले. फ्रँक फर्नांड यांचा ट्रम्पेट मसुरीपासून मुंबईपर्यंत ऐकला गेला. हे वर्तुळ केवळ ख्रिस्ती नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन हे मूळचे कावसजी खटाव नावाचे पारशी गृहस्थ. ड्रम व तालवाद्ये वाजविणारे कावस लॉर्ड हेही पारशीच. अँग्लो-इंडियन बँडप्रमुख केन मॅक यांचाही त्या काळी मोठा बोलबाला होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. इंग्रज अधिकारी गेले, संस्थाने विलीन झाली आणि १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु हॉटेलांच्या नृत्यगृहांवर ज्यांची चूल पेटत होती, त्या वादकांना या घडामोडींची झळ बसली. फाळणीने लाहोरच्या वादकांस विस्थापित केले. तेथील स्टिफल्स हॉटेलात बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत येऊन थडकले. या सर्वांना नवा आश्रय मिळाला तो हिंदी चित्रपटसृष्टीत.

ध्वनिमुद्रणगृहातील अदृश्य लेखणी

त्या काळी चित्रपटातील गाणे कसे तयार होई, हे समजल्याशिवाय या वादकांचे कार्य समजणार नाही. संगीतकार हार्मोनियमवर चाल बसवी. तो बहुधा रागसंगीतात किंवा लोकसंगीतात मुरलेला असे. सी. रामचंद्र यांचेच पाहा, नागपुरात शंकरराव सप्रे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली होती. चाल त्यांच्या कंठात आणि कानात होती. परंतु ध्वनिमुद्रणास पन्नास-पन्नास वादक बसत. गायक आणि वाद्यवृंद यांचे मुद्रण एकाच वेळी होई. एका वादकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा प्रारंभापासून वाजवावे लागे. अशा वेळी प्रत्येकाने नेमके काय, केव्हा आणि किती वाजवावयाचे, हे लिहून दिल्यावाचून गत्यंतर नव्हते. हे लिहिणारा म्हणजे 'अरेंजर', संगीत-संयोजक.

संयोजकाचे काम नक्कल करण्याइतके सोपे नसे. दोन कडव्यांमधील वाद्यसंगीत, गायकाच्या आवाजामागून जाणारी प्रतिचाल, व्हायोलिनांचे स्वरसंघात आणि ट्रम्पेटचे फटकारे यांचा विचार बव्हंशी त्याच्या मेजावर होई. सेबॅस्टियन डिसोझा यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे पाव शतक शंकर-जयकिशन यांच्यासाठी ही लेखणी चालविली. 'श्री ४२०' (१९५५) मधील क्लबच्या दृश्यातले गाणे वाचकांनी पुन्हा एकदा ऐकावे, आणि या वेळी गायिकेकडे दुर्लक्ष करून तिच्या मागे काय चालले आहे तेवढेच ऐकावे. ब्रासची वाद्ये प्रश्न विचारतात, व्हायोलिने उत्तर देतात, आणि हा संवाद गाणाऱ्या शब्दांस कोठेही झाकोळत नाही. गायकवृंदात चार आवाज एकमेकांस सांभाळून कसे गातात, हे ज्याने बालपणी पाहिले आहे, त्यालाच असे लिहिणे साधते.

चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र यांची जोडी निराळ्या प्रकृतीची होती. 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' या चित्रपटांतून या मराठी संगीतकाराने स्विंग, रुम्बा आदी नृत्यलयींस हिंदी गाण्यात घरचे केले, आणि त्यात चिक यांचा मोठा वाटा होता. 'शोला जो भडके' या गाण्याची गंमत अशी की, ठेका सातासमुद्रापलीकडचा वाटतो, पण चाल मात्र कोणत्याही मराठी माणसास पहिल्या श्रवणात गुणगुणता येते. पुढे 'आशा' (१९५७) चित्रपटातील 'ईना मीना डीका' हे गाणे आले. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या निरर्थक मोजणीवरून ते सुचले आणि सी. रामचंद्र यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. अर्थहीन अक्षरांनी लय खेळविण्याची ही रीत जॅझमध्ये आर्मस्ट्राँग यांनी १९२६ सालीच रूढ केली होती. आपल्या तराण्याशी तिचे नाते जाणकारांस सांगावयास नको.

या मालिकेतील सर्वांत मनस्वी पुरुष म्हणजे अँथनी गोन्साल्विस. ते जॅझवादक नव्हते, व्हायोलिनवादक व संयोजक होते. परंतु चर्चच्या माळ्यावरील विद्येचे ते सर्वोत्तम फळ होते. १९२७ साली मजोर्डा येथे त्यांचा जन्म झाला, वडील तेथील चर्चचे संगीतगुरू. १९४३ साली ते मुंबईस आले व नौशाद यांच्या वाद्यवृंदात रुजू झाले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल शर्मा हे त्यांचे विद्यार्थी. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची गाठ घालावी, या ध्यासाने त्यांनी १९५८ साली 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ साली ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर, मजोर्ड्यातच त्यांनी जीवन व्यतीत केले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाण्यात अमिताभ बच्चन ज्या नावाने स्वतःची ओळख करून देतात, ते नाव लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांपैकी प्यारेलाल यांनी आपल्या गुरूस वाहिलेली आदरांजली होती. सारा देश ते नाव घेऊन नाचला, आणि असा कोणी माणूस खरोखर आहे याची फारच थोड्यांना कल्पना होती. मराठी चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी पुढे त्यांच्यावर माहितीपट करून ही उणीव काही अंशी भरून काढली.

पाहुणे आणि मैफली

चित्रपटाबाहेरही जॅझची ज्योत तेवत राहिली. निरंजन झवेरी या गुजराती रसिकाने १९५२ साली 'ब्लू रिदम' हे जॅझला वाहिलेले नियतकालिक मुंबईतून काढले. १९५८ साली पियानोवादक डेव्ह ब्रूबेक भारतात आले. त्यांच्या प्रोत्साहनाने 'डिझी साल' या नावाने वाजविणारा एडवर्ड साल्दान्हा हा तरुण पियानोवादक अमेरिकेतील बर्कली संगीत विद्यालयात शिकावयास गेला. १९६३ साली ड्यूक एलिंग्टन आले. या प्रवासातील संस्कारांवर त्यांनी बिली स्ट्रेहॉर्न यांच्यासह 'फार ईस्ट सूट' ही रचना केली, तिच्यात दिल्लीत ऐकलेल्या एका मैनेच्या शीळेवरही एक भाग आहे. १९६४ साली प्रत्यक्ष लुई आर्मस्ट्राँग मुंबईत आले. ज्यांच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून गोवेकर ट्रम्पेटवादकांनी आपली फुंक घडविली, तो मूळ झरा त्यांच्या दारी आला होता.

१९६८ साली शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती अशा अकरा रागांवर बेतलेले अकरा तुकडे तिच्यात आहेत. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लुसिला पाशेको यांचा पियानो, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम, आणि संयोजन अर्थातच सेबॅस्टियन यांचे. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती कलावंत एका रागाभोवती बसून काय करू शकतात, याचा तो पुरावा आहे. आम्हांस त्यातील भैरव विशेष प्रिय आहे. कोमल ऋषभाचे गांभीर्य सतार सांभाळते, आणि सॅक्सोफोन त्याच स्वराला निराळ्या वेदनेने स्पर्श करतो.

१९७८ साली झवेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील रंगभवनात 'जॅझ यात्रा' या महोत्सवाचा आरंभ केला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आले. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या भारतीय वादकांनाही त्यामुळे जागतिक दर्जाच्या कलावंतांशेजारी उभे राहता आले. पुढे, २००३ साली, हा परिसर शांतता क्षेत्रात गणला गेल्यावर रंगभवनातील मैफली बंद झाल्या. कोकणी गीतसृष्टीत ख्रिस पेरी आणि लॉर्ना कोर्देरो यांनी जॅझच्या सुरावटींस मातृभाषेचे शब्द दिले. लॉर्ना यांनी मध्यंतरी दीर्घ काळ गाणे सोडले होते, १९९५ साली त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. याच पर्वावर आधारित 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला.

या संगीताकडे आपल्या समाजाने संशयाने पाहिले नाही, असे म्हणता येणार नाही. शनिवारी रात्री हॉटेलात वाजविणारा आणि रविवारी सकाळी माळ्यावर बसणारा वादक एकच, ही गोष्ट अनेकांस रुचत नसे. परंतु जॅझ पुन्हा प्रार्थनेकडे वळलेही आहे. एलिंग्टन यांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये आपला पहिला 'पवित्र संगीत' कार्यक्रम सादर केला. १९५७ साली कॅथलिक झालेल्या पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांचे मिस्सासंगीत १९७५ साली न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये वाजले. आणि भारतात येऊन गेलेल्या ब्रूबेक यांनी मिस्साची रचना केल्यावर १९८० साली कॅथलिक धर्म स्वीकारला.

आमच्या जिल्ह्यातील वाट

ताज हॉटेलातील सूर बुलढाण्यास कसे पोहोचले? १९५२ साली केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकर या मराठी गृहस्थांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी उचललेले हे पाऊल होते. परिणाम मात्र उलटा झाला. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. १९५७ साली आकाशवाणीस 'विविध भारती' सुरू करावी लागली. रेडिओ सिलोन, विविध भारती आणि यात्रांतील तंबूचे सिनेमे यांच्या मार्गाने ही गाणी मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा, शेगावसारख्या गावांपासून घाटावरच्या खेड्यांपर्यंत गेली.

तेथे ती झेलली बँडपथकांनी. आमच्याकडील बँडमास्तर बहुधा पाच रेषांचे नोटेशन वाचीत नाही. रेडिओवर, तबकडीवर, पुढे कॅसेटवर गाणे ऐकावयाचे, क्लॅरिनेटवर ते काढावयाचे आणि मुलास किंवा पुतण्यास शिकवावयाचे, ही येथील रीत. सेबॅस्टियन डिसोझांनी कागदावर लिहिलेली ट्रम्पेटची फेक येथे कानाने उतरविली गेली आणि सनईच्या मुरकीत व हलगीच्या ठेक्यात मिसळून गेली. न्यू ऑर्लिन्समध्ये कान आणि कागद यांची भेट झाली, मुंबईत ती पुन्हा झाली, आणि आमच्या वरातीत कागद विरघळून पुन्हा कान उरला. वरातीच्या गदारोळात नीट कान दिला, तर आर्मस्ट्राँग यांची आठवण देणारी एखादी लकेर आजही ऐकू येते.

येथेच एक बोचरे साम्यही दिसते. अमेरिकेत ज्याच्या वाद्यावर नाचावयाचे, त्यास शेजारी बसू द्यावयाचे नाही, असा नियम होता. मुंबईच्या चित्रपटांत ज्याच्या लेखणीवर गाणे उभे राही, त्याचे नाव श्रेयनामावलीत 'सहायक' म्हणून बारीक अक्षरात येई, अथवा येतच नसे. तबकडीवर तर त्यास स्थान नव्हतेच. आमच्या गावांतून वाद्य वाजविण्याचे काम मातंग आदी समाजांकडे परंपरेने आले. मंगल कार्य त्यांच्यावाचून अडे, आणि पंगत मात्र त्यांच्यासाठी सर्वांत शेवटी मांडली जाई. संगीत हवे, वादक नको, ही वृत्ती तिन्ही ठिकाणी सारखीच आढळते. स्तोत्रसंहितेच्या अखेरच्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ आणि झांजा यांना देवाच्या स्तुतीसाठी पाचारण केले आहे. वाद्यांना दिलेले ते निमंत्रण वादकांनाही लागू आहे, याचा विसर पडून कसे चालेल?

ऋणाची फेड

अलीकडे या विषयावर मोलाचे काम झाले आहे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने प्रथम भारतातील लग्नाच्या बँडवाल्यांवर आणि नंतर, २००८ साली, मुंबईच्या चित्रपट-वादकांवर ग्रंथ लिहिला. नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' २०१२ साली प्रसिद्ध झाले. ही पुस्तके इंग्रजीत आहेत. ज्यांच्या वरातीत हे सूर वाजतात आणि ज्यांच्या संगीतकारांनी या वादकांसोबत काम केले, त्या मराठी भाषेत हा इतिहास विस्ताराने यावयास हवा.

आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण वसई, मुंबई व गोवा परिसरातील आहेत. त्यांना आमची विनंती आहे. आपल्या चर्चच्या माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यांत हातांनी लिहिलेले नोटेशनचे कागद पडून असतील. वाळवी लागण्यापूर्वी ते बाहेर काढावेत व त्यांची छायाचित्रे घ्यावीत. त्या काळी स्टुडिओत वाजविणारे जे वृद्ध वादक आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. रविवारच्या शाळेत दहा मुलांना जरी पाच रेषांची भाषा शिकविली, तरी ते वाया जाणार नाही. हळदोण्याच्या व मजोर्ड्याच्या मेस्त्रे मंडळींना आपला विद्यार्थी कोठवर जाईल याची कल्पना नव्हती. त्यांना फक्त रविवारचा मिस्सा नीट गायला जावा एवढेच हवे होते.

आणि आमच्या जिल्ह्यातील वाचकांसाठी याहून साधे काम आहे. लग्नपत्रिकेवर बँडचे नाव छापले जाते. पुढच्या वेळी वरात दारी आली की क्लॅरिनेट वाजविणाऱ्यास त्याचे नाव विचारावे, ते वाद्य त्यास कोणी शिकविले तेही विचारावे, आणि यजमानांच्या पहिल्या पंगतीत त्याच्यासाठी पान मांडावे.